विश्लेषण : शंभर पानांचे कोडे रचणारे ‘टॉर्कमाडा’ कोण होते? क्रॉसवर्डच्या क्ल्यूंना नियम कशामुळे लागले?

सहा खून, शंभर पाने आणि ती सगळी पाने मुद्दाम चुकीच्या क्रमाने छापलेली. पाने क्रमाने लावा, कोणी कोणाला मारले ते शोधा, एवढेच आव्हान. ‘केन्स जॉबोन’ हे १९३४ सालचे पुस्तक अलीकडे समाजमाध्यमांमुळे नव्याने जगभर पोहोचले. ते रचणारे एडवर्ड पोइस मॅथर्स मात्र पुस्तकाइतके परिचित झाले नाहीत. ‘टॉर्कमाडा’ या टोपणनावाने त्यांनी लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’मध्ये सुमारे १३ वर्षे शब्दकोडी रचली आणि क्रिप्टिक क्रॉसवर्ड या प्रकाराला घडवले. त्यांच्या कोड्यांमुळे एक प्रश्नही उभा राहिला, जो आजही कोडी रचणाऱ्या प्रत्येकासमोर असतो. कोडे कितीही अवघड करता येते, पण ते सोडवणाऱ्याला न्याय देणारे आहे की नाही, हे कशावरून ठरवायचे?

मॅथर्स मुळात कोण होते?

एडवर्ड पोइस मॅथर्स यांचा जन्म २८ ऑगस्ट १८९२ रोजी लंडनच्या फॉरेस्ट हिल भागात झाला. वडील वृत्तपत्र व्यवसायात होते. स्कॉटलंडमधील लोरेटो ही निवासी शाळा आणि त्यानंतर ऑक्सफर्डचे ट्रिनिटी कॉलेज, असे त्यांचे शिक्षण झाले. ग्रीक-लॅटिन अभिजात साहित्य, शेक्सपिअर, बायबल आणि इंग्रजी कविता हे त्या काळातल्या अशा शिक्षणाचे नेहमीचे भांडवल असे. मॅथर्स यांच्या पुढच्या सगळ्या कामात ते दिसते. त्यांच्या कोड्यांचे बळ त्यातच होते आणि त्यांच्यावरच्या आक्षेपाचे मूळही त्यातच होते.

कोड्यांकडे वळण्याआधी त्यांची ओळख अनुवादक आणि कवी अशी होती. आशियातील प्रेमकवितांचे त्यांनी केलेले इंग्रजी अवतार पहिल्या महायुद्धानंतर गाजले. १९२३ मध्ये त्यांनी ‘अरेबियन नाइट्स’चा मोठा इंग्रजी अनुवाद आणला. तो थेट अरबीवरून नव्हता. जे. सी. मार्द्रुस यांच्या फ्रेंच आवृत्तीवरून त्यांनी तो केला होता. पौर्वात्य साहित्य मूळ भाषेतून उलगडणारा पंडित, ही त्यांची भूमिका नव्हतीच. हाती आलेला मजकूर इंग्रजीत नव्याने बोलता करायचा, हे त्यांचे कसब होते.

काश्मीरच्या बिल्हणाशी त्यांचा संबंध कसा आला?

मॅथर्स यांचे सर्वांत टिकलेले काव्य म्हणजे १९१९ चे ‘ब्लॅक मॅरीगोल्ड्स’, अर्थात काळे झेंडू. हे अकराव्या शतकातील काश्मिरी कवी बिल्हण याच्या ‘चौरपंचाशिका’ या संस्कृत काव्याचे मुक्त रूपांतर आहे. आख्यायिका अशी की, राजकन्येला शिकवता शिकवता बिल्हण तिच्या प्रेमात पडला, राजाला ते कळले आणि त्याला मृत्युदंड झाला. मरणाची वाट पाहत असताना त्याने प्रेयसीच्या आठवणींचे पन्नास श्लोक रचले. प्रत्येक श्लोकाची सुरुवात ‘अद्यापि’ या शब्दाने होते, म्हणजे ‘अजूनही’. मॅथर्स यांनी इंग्रजीतही ही आवर्तने जपली, पण बाकीच्या मजकुरात भरपूर स्वातंत्र्य घेतले.

बिल्हण हे नाव मराठी वाचकाला परके नाही. काश्मीर सोडल्यावर तो कल्याणीच्या चालुक्य दरबारी, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाला आला आणि त्याने ‘विक्रमांकदेवचरित’ लिहिले. पुढे सतराव्या शतकात विठ्ठल बीडकर यांनी मराठीत ‘बिल्हणचरित्र’ रचले. मॅथर्स यांचे इंग्रजी रूपांतर अमेरिकेतही पोहोचले. जॉन स्टाइनबेक यांनी १९४५ च्या ‘कॅनरी रो’ या कादंबरीच्या शेवटी त्याचा वापर केला आहे.

अनुवाद आणि शब्दकोडे यांत वरकरणी काही साम्य वाटत नाही. पण मॅथर्स यांच्या बाबतीत एक धागा सरळ दिसतो. एकच अर्थ दुसऱ्या शब्दांत कसा मांडता येईल, हाच प्रश्न दोन्हीकडे असतो. फरक एवढाच की अनुवादकाला अर्थ पोहोचवायचा असतो आणि कोडे रचणाऱ्याला तो काही काळ लपवायचा असतो.

क्रॉसवर्ड इंग्लंडमध्ये केव्हा आले?

आधुनिक क्रॉसवर्डचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी अमेरिकेत झाला. मूळचे लिव्हरपूलचे असलेले आर्थर विन यांनी ‘न्यू यॉर्क वर्ल्ड’च्या रविवारच्या अंकात हिऱ्याच्या आकाराचे एक कोडे छापले. दहा वर्षांत अमेरिकेला त्याचे वेड लागले. १९२४ मध्ये सायमन अँड शुस्टर या नव्या प्रकाशन संस्थेने क्रॉसवर्डचे पुस्तक काढले आणि ते हातोहात संपले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘संडे एक्स्प्रेस’मधून हे कोडे इंग्लंडच्या वृत्तपत्रांत आले. १९२५ मध्ये ‘डेली टेलिग्राफ’ने आणि १९३० मध्ये ‘टाइम्स’ने त्याला जागा दिली.

ही सुरुवातीची कोडी आपल्या दैनिकांत येणाऱ्या शब्दकोड्यांसारखी होती. आडवे शब्द, उभे शब्द, प्रत्येकासाठी एक सरळ अर्थ. ‘कमळ’ हवे असेल तर ‘चिखलात उगवणारे फूल’ असे सांगायचे. शब्दसंग्रह चांगला असेल तर कोडे सुटते, नसेल तर शब्दकोश उघडावा लागतो. चलाखीला वाव कमी. मॅथर्स यांना हे कंटाळवाणे वाटले. त्यांनी आधी पद्यात क्ल्यू द्यायला सुरुवात केली आणि मग सरळ अर्थ सांगणे हळूहळू सोडूनच दिले. संपूर्ण कोड्यात केवळ गूढ क्ल्यू वापरणारे पहिले रचनाकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

क्रिप्टिक क्ल्यू म्हणजे नेमके काय?

क्रिप्टिक क्ल्यू वाचताना एक साधे वाक्य वाटते. प्रत्यक्षात त्या वाक्याचे दोन भाग असतात. एका भागात उत्तराचा अर्थ असतो. दुसऱ्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून कसे तयार होते, याची कृती असते. दोन्ही वाटा एकाच शब्दापाशी पोहोचल्या की उत्तर पक्के. कंसातला आकडा उत्तरात किती अक्षरे आहेत ते सांगतो. मराठीत असे क्ल्यू रचले तर ते कसे दिसतील, हे तीन उदाहरणांवरून कळेल.

पहिले उदाहरण : ‘आज रात्रीत दडले म्हातारपण (२)’. वाचणारा रात्रीचा आणि म्हातारपणाचा विचार करू लागतो. पण ‘दडले’ हा शब्द सूचना देतो की उत्तर शेजारच्या शब्दांत लपलेले आहे. ‘आज रात्रीत’ यातली सलग अक्षरे पाहिली तर मधोमध ‘जरा’ सापडते. जरा म्हणजे म्हातारपण. रोजच्या बोलण्यात ‘जरा’ म्हणजे थोडेसे, त्यामुळे हा दुसरा अर्थ पटकन आठवत नाही. क्ल्यूची मजा तिथे आहे.

दुसरे उदाहरण : ‘दमन उधळून लावताच आला कामदेव (३)’. एखाद्या क्रांतीची बातमी वाटावी असे वाक्य. ‘उधळून लावणे’ ही अक्षरे विस्कटण्याची सूचना आहे. ‘दमन’ची अक्षरे हलवली की ‘मदन’ होते, आणि मदन म्हणजे कामदेव.

तिसरे उदाहरण : ‘गंधानंतर नकार, तीव्र इच्छा (३)’. गंध म्हणजे ‘वास’, नकार म्हणजे ‘ना’. दोन्ही जोडले की ‘वासना’, म्हणजे तीव्र इच्छा.

तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. उत्तर सापडल्यावर मागे वळून पाहिले तर क्ल्यूमधल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब लागतो. म्हणूनच क्रिप्टिक कोड्यात उत्तर लिहून काम संपत नाही. ते उत्तर का, हे समजावून सांगता यावे लागते. शब्द बरोबर आला पण कारण सांगता येत नसेल, तर तो अंदाज असतो. सरळ शब्दकोडे आणि क्रिप्टिक कोडे यांतला मुख्य फरक हाच आहे.

‘टॉर्कमाडा’ हे नाव का घेतले?

मॅथर्स यांची कोडी १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या वृत्तपत्रात येऊ लागली. त्यासाठी त्यांनी ‘टॉर्कमाडा’ हे नाव धारण केले. टोमास दे टॉर्कमाडा हा पंधराव्या शतकात स्पेनच्या धर्मन्यायपीठाचा पहिला मुख्य अधिकारी होता. त्याच्या काळात असंख्य लोकांचा छळ झाला आणि अनेकांना जिवंत जाळण्यात आले. रविवारच्या सकाळी वाचकाला छळणारा माणूस म्हणून मॅथर्स यांनी विनोदाने हे नाव उचलले. त्यातला काळा विनोद त्यांच्या वाचकांना समजत होता.

कोडे तयार करण्याची त्यांची पद्धत त्यांच्या पत्नी रोझमंड यांच्या आठवणींमुळे माहीत आहे. मॅथर्स पलंगावर मांडी घालून बसत, भोवती पुस्तके आणि हातात सिगारेट. आधी ते वापरायच्या शब्दांची यादी करत. ती यादी रोझमंड यांच्याकडे जाई. ते शब्द एकमेकांना छेदतील अशा रीतीने चौकटीत बसवण्याचे किचकट काम त्या करत. चौकट तयार झाली की मॅथर्स क्ल्यू लिहायला घेत. छापील कोड्यावर नाव फक्त टॉर्कमाडा यांचे असे. पण त्या चौकटींची बांधणी दोघांची होती.

चौकटीतही त्यांनी बदल केला. नेहमीच्या काळ्या घरांऐवजी दोन शब्दांच्या मध्ये जाड रेघ मारून शब्द वेगळे करण्याची पद्धत त्यांनी वापरली. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त शब्द बसतात आणि बहुतेक अक्षरे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत येतात. क्ल्यू कितीही अवघड असला तरी छेदणाऱ्या शब्दांतून काही अक्षरे फुकट मिळतात. १३ वर्षांत ‘ऑब्झर्व्हर’साठी त्यांनी सुमारे ६७० कोडी रचली. कधी सगळे क्ल्यू पद्यात असत, कधी संपूर्ण कोडे एखाद्या विषयाभोवती बांधलेले असे, तर कधी क्ल्यूंमधून गोष्टच सांगितलेली असे.

‘केन्स जॉबोन’ इतके अवघड का?

१९३४ मध्ये ‘द टॉर्कमाडा पझल बुक’ हा संग्रह निघाला. त्यात क्रॉसवर्डबरोबर इतरही शब्दखेळ होते आणि शेवटी ‘केन्स जॉबोन’ ही शंभर पानांची रहस्यकथा होती. नाव बायबलवरून आलेले आहे. केनने आपला भाऊ एबल याचा खून केला, तो जगातला पहिला खून मानला जातो आणि एका जुन्या समजुतीनुसार त्यासाठी त्याने गाढवाच्या जबड्याचे हाड वापरले होते.

गोष्टीची पाने चुकीच्या क्रमाने छापली आहेत, हे वाचकाला आधीच सांगितलेले होते. प्रत्येक पान पूर्ण वाक्याने सुरू होते आणि पूर्ण वाक्यानेच संपते. त्यामुळे अर्धे वाक्य जुळवून पुढचे पान शोधण्याचा सोपा मार्ग बंद होतो. शंभर पाने किती प्रकारे लावता येतील? पहिल्या जागी शंभरपैकी कोणतेही, दुसऱ्या जागी उरलेल्या ९९ पैकी कोणतेही, असा गुणाकार एकपर्यंत करत गेले की येणारी संख्या १५८ अंकी असते. संगणकाला एकेक क्रम तपासायला बसवले तरी ते काम कधीच पुरे होणार नाही. आणि तपासले तरी बरोबर क्रम कोणता, हे वाचल्याशिवाय कळणार नाही. इथे मजकूर समजून घेणे, त्यातले साहित्यिक संदर्भ ओळखणे आणि निवेदक कोण आहे ते ताडणे, एवढाच मार्ग उरतो.

प्रकाशकांनी १५ पौंडांचे बक्षीस ठेवले. एस. सिडनी-टर्नर आणि डब्ल्यू. एस. केनेडी या दोघांनी अचूक उत्तर पाठवले. उत्तर मात्र छापले गेले नाही.

मग आक्षेप कशाला होता?

टॉर्कमाडा यांची कोडी अवघड होती, ही तक्रार नव्हती. अवघडपणासाठीच लोक ती सोडवत. अडचण वेगळी होती. त्यांच्या अनेक क्ल्यूंमध्ये अर्थ सांगणारा भाग सैल असे. काही क्ल्यू एखाद्या कवितेच्या, नाटकातल्या पात्राच्या किंवा विस्मृतीत गेलेल्या पुस्तकाच्या संदर्भावर उभे असत. तो संदर्भ माहीत असेल तर आनंद, नसेल तर तर्काने तिथे पोहोचण्याची वाटच नाही.

हे कोणाला सोपे जात असेल? ज्याचे शिक्षण मॅथर्स यांच्यासारखे झाले, ज्याच्या घरात तीच पुस्तके होती, त्याला. कारखान्यात काम करून, संध्याकाळच्या वर्गात शिकून वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाची बुद्धी कमी नव्हती. पण त्याच्याकडे ते कपाट नव्हते. असे कोडे बुद्धीची परीक्षा घेत आहे की सोडवणारा कोणत्या घरातून आला याची, हा प्रश्न त्यामुळे उरतोच.

विशेष म्हणजे न्याय्य खेळाची चर्चा त्याच काळात शेजारच्या क्षेत्रात जोरात सुरू होती. इंग्लंडमध्ये रहस्यकथांचा तो भरभराटीचा काळ. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने रहस्यकथाकारांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, गुप्तहेराला सापडलेला पुरावा वाचकापासून लपवू नये, असा त्यांचा रोख होता. मॅथर्स स्वतः टॉर्कमाडा याच नावाने ‘ऑब्झर्व्हर’मध्ये रहस्यकथांची परीक्षणे लिहीत. ज्या साहित्यप्रकाराने वाचकाशी करार करून नियम लिहून ठेवले होते, त्याचे ते परीक्षक होते. त्यांच्या स्वतःच्या क्ल्यूंना मात्र तेव्हा असा कोणताही लेखी करार नव्हता.

मॅथर्स यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. ते ज्या वाटेने चालले होते त्या वाटेवर त्यांच्या आधी कोणी गेलेले नव्हते. क्ल्यूमध्ये काय काय करता येते, याच्या सीमा कोणालाच माहीत नव्हत्या. त्या सीमा सापडायच्या तर कोणीतरी त्या ओलांडाव्याच लागतात.

नियम कोणी घातले?

फेब्रुवारी १९३९ मध्ये, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी मॅथर्स यांचे निधन झाले. त्यांची निवडक ११२ कोडी १९४२ मध्ये पुस्तकरूपाने आली. ‘ऑब्झर्व्हर’मधील त्यांची जागा डेरिक सॉमरसेट मॅकनट यांच्याकडे गेली. मॅकनट हे ससेक्समधील क्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवत. त्यांनी नाव घेतले ‘झिमेनीझ’. तेही स्पेनच्या धर्मन्यायपीठाच्या एका मुख्य अधिकाऱ्याचेच.

त्याच सुमारास ‘अफ्रित’ या नावाने कोडी रचणारे ए. एफ. रिची हेही शिक्षक होते. त्यांनी १९४९ मध्ये रचनाकाराच्या जबाबदारीचे सूत्र मांडले. त्याचा आशय असा : क्ल्यू वरवर जे म्हणतो तेच त्याला म्हणायचे असले पाहिजे, अशी सक्ती नाही. पण जे म्हणायचे आहे, ते त्या शब्दांत खरोखर सांगितलेले असलेच पाहिजे. वाचकाला चकवण्याची मुभा आहे, खोटे सांगण्याची नाही.

मॅकनट यांनी १९६६ मध्ये क्रॉसवर्डच्या कलेवर पुस्तक लिहून हे तत्त्व तपशिलात नेले. त्यांच्या मते चांगल्या क्ल्यूमध्ये उत्तराचा नेमका अर्थ हवा, ते उत्तर तयार करण्याची प्रामाणिक कृती हवी आणि या दोहोंपलीकडे काहीही नको. शोभेसाठी घातलेला एक जादा शब्दही त्यांना चालत नसे.

याचा व्यवहारातला अर्थ वरच्या उदाहरणांवरून स्पष्ट होतो. ‘दमन उधळून लावताच आला कामदेव’ हा क्ल्यू न्याय्य आहे, कारण विस्कटायची अक्षरे डोळ्यांसमोर आहेत. त्याऐवजी ‘अंकुश उधळून लावताच आला कामदेव’ असे लिहिले तर? सोडवणाऱ्याने आधी अंकुशासाठी दुसरा शब्द शोधायचा. तो दमन असेल, आवर असेल, निग्रह किंवा संयमही असेल. त्यातला योग्य शब्द ओळखून मग त्याची अक्षरे विस्कटायची. उत्तर कळल्यावर सगळे पटते, पण उत्तराकडे जाणारी वाट क्ल्यूमध्ये नाही. झिमेनीझ पंथात असा क्ल्यू बाद ठरतो.

आणखी एक उदाहरण : ‘दीन मागे वळताच समोर गोदावरी (२)’. दीन उलटा केला की नदी. पण गोदावरी ही नदी असली, तरी नदी म्हणजे गोदावरी नव्हे. कठोर परीक्षक इथे ‘उदाहरणार्थ’ किंवा निदान ‘बहुधा’ असा शब्द मागेल. बारकावा किरकोळ वाटतो. पण सोडवणाऱ्याला शब्दावर विसंबता येते की नाही, ते अशा बारकाव्यांवरच ठरते.

झिमेनीझ यांच्या कोड्यांतही दुर्मीळ शब्द असत, तरीही ती सोडवता येत. अर्थ शब्दकोशात तपासता येई आणि कृती क्ल्यूमध्येच असे. विशिष्ट शाळेत शिकलेले असण्याची गरज उरली नाही, शब्दकोश आणि चिकाटी पुरे झाली. ते वाचकांकडून क्ल्यू मागवून स्पर्धा घेत आणि कोणता क्ल्यू का चांगला, कोणता का चुकला, याची छापील टिपणे पाठवत. अशा स्पर्धांमध्ये भाग घेणाऱ्यांत कॉलिन डेक्स्टर होते. पुढे त्यांनी रहस्यकथांसाठी ‘इन्स्पेक्टर मॉर्स’ आणि त्याचा सहकारी ‘लुइस’ ही पात्रे घडवली, तेव्हा दोन्ही नावे या स्पर्धांमधल्या प्रतिस्पर्ध्यांवरून घेतली.

मॅकनट १९७१ मध्ये गेले. त्यानंतर १९७२ पासून जोनाथन क्राउदर यांनी ‘अझेड’ या नावाने ही परंपरा पुढे चालवली. देझा या आणखी एका धर्मन्यायाधीशाच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग उलटे केले की हे नाव मिळते.

पाने पुन्हा कशी जुळली?

‘केन्स जॉबोन’ मधल्या काळात विस्मरणात गेले. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील शँडी हॉल या लॉरेन्स स्टर्न यांच्या स्मारकाकडे त्याची एक प्रत आली आणि तिथल्या मंडळींनी त्याचा पाठपुरावा केला. २०१९ मध्ये ‘अनबाउंड’ने ते नव्याने छापले आणि १००० पौंडांचे बक्षीस लावले. २०२० मध्ये, कोव्हिडच्या काळात घरात अडकलेले असताना, विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांनी ते सोडवले. पुढे त्यांनी स्वतःही याच धाटणीचे कोडे रचले.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका तरुणीने पुस्तकाची पाने सुटी करून खोलीच्या भिंतीवर लावली आणि त्याचा व्हिडिओ टिकटॉकवर टाकला. त्यानंतर पुस्तकाच्या प्रती संपल्या आणि पुन्हा पुन्हा छापाव्या लागल्या. योग्य क्रम आजही जाहीर केलेला नाही. सोडवणाऱ्यांनी तो गुप्त ठेवावा, अशी विनंती असते आणि ती बहुतांशी पाळली जाते.

यात एक विरोधाभास आहे. १९३४ च्या वाचकाला जे संदर्भ घरच्या पुस्तकांत मिळत, ते आजच्या वाचकाच्या पाठीशी शिक्षणातून आलेले नाहीत. पण त्याच्या हातात इंटरनेट आहे. जुन्या कवितेतला शब्द, बंद पडलेल्या औषधाचे नाव, घोड्यांच्या शर्यतीचे वर्ष, सारे शोधता येते. टॉर्कमाडा यांच्या कोड्यातला सर्वांत अन्यायकारक भाग, म्हणजे विशिष्ट कपाटाची सक्ती, तंत्रज्ञानाने सैल केली. उरला तो तर्काचा भाग. आणि तो शोधून मिळत नाही.

मराठीत असे कोडे शक्य आहे का?

मराठी दैनिकांतील शब्दकोडी मुख्यतः सरळ अर्थाची आहेत. गूढ क्रॉसवर्ड आपल्याकडे इंग्रजी वृत्तपत्रांतून पोहोचले. पण लपवून सांगण्याची सवय मराठीला नवी नाही. कूटश्लोक, भारुडे, उखाणे यांतून ती पिढ्यान्‌पिढ्या आलेली आहे.

तांत्रिक अडचण लिपीची आहे. इंग्रजीत प्रत्येक घरात एक सुटे वर्ण येतो, त्यामुळे अक्षरे हवी तशी हलवता येतात. देवनागरीत एका घरात काना-मात्रेसह पूर्ण अक्षर येते. ‘रा’ हलवला तर काना त्याच्याबरोबर जातो. त्यामुळे विस्कटून नवा शब्द करण्याच्या जागा कमी मिळतात. याउलट शब्दात शब्द दडवणे, दोन छोटे शब्द जोडून तिसरा करणे, शब्द उलटवणे आणि एका शब्दाच्या दोन अर्थांवर खेळणे, याला मराठीत भरपूर वाव आहे. तत्सम, देशी, फारसी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी नांदत असल्याने एकाच रूपाचे वेगळे अर्थही सहज सापडतात.

असे कोडे रचू पाहणाऱ्याला मॅथर्स यांच्याकडून धाडस घेता येईल आणि त्यांच्यानंतर आलेल्यांकडून शिस्त. क्ल्यूला लावण्याची कसोटी साधी आहे. उत्तर न सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी स्पष्टीकरण दाखवावे. तो कपाळावर हात मारून हसला, तर क्ल्यू जमला. हे आपल्याला कळणार तरी कसे होते, असे त्याने विचारले, तर चूक सोडवणाऱ्याची नाही.